मैदान सर्वांचे : शिवाजी पार्क आणि सहा डिसेंबर



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा संपादक मंडळातली मुले माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही सहा डिसेंबरच्या आठवणी लिहा. इतकी वर्षं तुम्ही शिवाजी पार्कला जाताय." गोष्ट खरी आहे. विहाराच्या पाणपोईचा टेम्पो दर वर्षी पाच डिसेंबरला दुपारी निघतो आणि त्यात ड्रायव्हरशेजारची जागा माझी ठरलेली असते. परंतु नुसत्या आठवणी लिहाव्यात असे मला वाटले नाही. आठवणी आपल्या प्रत्येकाच्या घरी आहेत. ज्या मैदानावर आपण दर वर्षी जातो त्या मैदानाचा इतिहास मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. मलाही तो पुष्कळ उशिरा कळला आणि त्याला एक प्रसंग कारण झाला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सहा तारखेची सकाळ होती. आमची पाणपोई मैदानाच्या कडेला लागली होती. अकरावीत शिकणारा आपला एक मुलगा पाण्याचे ग्लास भरून देत होता. फिरायला निघालेले एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत आले. दिसायला चांगले शिकले-सवरलेले. ते त्या पोरावर एकदम खेकसले, "काय बाजार मांडलाय इथं! मैदान काय तुमच्या बापाचं आहे?" पोराचा चेहरा पडला, मग लाल झाला. त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "तू पाणी दे, बाळ. त्यांनाही विचार, पाणी हवंय का." गृहस्थ निघून गेले. रात्री परतताना टेम्पोत तो मुलगा मला म्हणाला, "काका, तुम्ही मला गप्प बसवलंत ते ठीक. पण मैदान नक्की आहे कुणाचं?"

मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. नंतर मी वाचले, जाणत्यांना विचारले, गर्दी नसताना त्या भागात पायी हिंडलो. हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

रस्त्यांची नावे वाचा

दादर स्टेशनवर उतरून रानडे रोडने आपण मैदानाकडे जातो तेव्हा डोक्यावर ऊन असते, हातात पोरांचे हात असतात, रस्त्यावरच्या पाट्या कोण वाचतो? पण एकदा जरूर वाचा. मैदानाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला केळुसकरांचे नाव आहे. तिथून जवळच, आगर बाजाराच्या बाजूला, रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या नावाचा रस्ता आहे. ही दोन नावे ज्याला कळली त्याला शिवाजी पार्क अर्धे कळले असे समजावे.

कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखक. संध्याकाळी ते चर्नीरोडच्या बागेत वाचीत बसत. ही बाग गिरगाव चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर. तिथेच एक शाळकरी मुलगा रोज एकटा पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली. तो मुलगा म्हणजे एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा भीमराव रामजी आंबेडकर. ज्याच्या घरी एका खोलीत सगळा संसार, त्याला वाचायला निवांत जागा मिळाली ती समुद्राजवळच्या एका सार्वजनिक बागेत. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. बागेच्या दारात कोणी त्याची जात विचारली असती तर केळुसकर आणि भीमराव यांची गाठ तिथे पडली नसती.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली तिचे अध्यक्ष होते सी. के. बोले. त्या वेळी केळुसकरांनी भीमरावांना भेट दिले ते स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र. हे चरित्र त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केले होते. पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकणारेही केळुसकरच, आणि त्यातूनच दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. याच केळुसकरांनी छत्रपती शिवाजी महाराजांचेही मोठे चरित्र लिहिले. आज मैदानाला महाराजांचे नाव आहे, मैदानापलीकडे वाळूच्या काठावर बाबासाहेबांचा स्तूप आहे, त्यात बुद्धाची मूर्ती आहे, आणि कडेच्या रस्त्याला नाव आहे ते महाराज आणि बुद्ध या दोघांचीही चरित्रे लिहिणाऱ्या माणसाचे.

माहीम पार्कचे शिवाजी पार्क

१८९६ च्या प्लेगने मुंबईत हाहाकार माजवला. दाटीवाटीच्या वस्तीत माणसे पटापट मेली. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वस्त्या उभ्या राहू लागल्या. ज्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी पुढे 'राजगृह' बांधले ती त्यातलीच. रेल्वेच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला, महापालिकेने १९२५ साली एक मोठे मैदान लोकांसाठी खुले केले. क्षेत्रफळ सुमारे २८ एकर. भोवताली बसायला कट्टा, तो आज एक किलोमीटरहून थोडा अधिक भरतो. त्या काळी या मैदानाला माहीम पार्क म्हणत. १९२७ साली, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्याचे नाव शिवाजी पार्क झाले. २०२० मध्ये महापालिकेने ते 'छत्रपती शिवाजी महाराज पार्क' असे केले. आपल्या तोंडी मात्र शिवाजी पार्कच बसले आहे.

आता १९२७ हे साल नीट लक्षात घ्या. त्याच साली, २० मार्चला, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दोन घटनांचा आपसात काही संबंध नाही असे वाटेल. पण त्यांना जोडणारा धागा आहे आणि तो धागा म्हणजे सी. के. बोले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव मंजूर झाला होता. सरकारी वा सार्वजनिक पैशाने बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात पाण्याला हात लावायची सोय नव्हती. म्हणून बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले.

बोल्यांच्या ठरावात मैदान हा शब्द नव्हता. पण तत्त्व तेच आहे : जे सर्वांच्या पैशाने चालते ते सर्वांचे. आणि महाडने त्या तत्त्वाला जोड दिली ती अशी, की सर्वांचे आहे असे नुसते लिहून भागत नाही. ज्याला आजवर दूर ठेवले तो तिथे जाऊन बसला, पाणी प्यायला, भाकर खाल्ली, म्हणजे मग ती जागा सार्वजनिक झाली.

या मैदानाने पुढे पुष्कळ काही पाहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या सभा इथे गाजल्या. ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा इथेच झाला. १९९५ आणि २०१९ मध्ये मुख्यमंत्र्यांचे शपथविधी या मैदानावर झाले. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे आणि २०२२ मध्ये लता मंगेशकर यांच्यावर अंत्यसंस्कारही इथेच झाले. रमाकांत आचरेकर सरांनी याच मातीत सचिन तेंडुलकर घडवला. सभा ही दोन-चार तासांची असते. ज्या मेळ्यात माणसे इथेच राहतात, जेवतात, निजतात, असा मेळा वर्षातून एकदाच भरतो. तो आपला.

७ डिसेंबर १९५६

त्या वर्षी २४ मे रोजी, बुद्ध जयंतीला, परळच्या नरे पार्कवर बाबासाहेबांनी ऑक्टोबरात धम्मदीक्षा घेणार असल्याचे जाहीर केले. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली. मुंबईचा दीक्षा समारंभ १६ डिसेंबरला व्हायचा होता. मुंबईची माणसे पांढरी वस्त्रे शिवून तयार होती. आणि ६ डिसेंबरला दिल्लीहून ती बातमी आली.

सात तारखेला पहाटे विमानाने पार्थिव सांताक्रूझला आले, तिथून राजगृहात. माझे वडील तेव्हा गिरणीत होते, राहायला नायगावला. ते सांगायचे, "अरे, त्या दिवशी कोणी कोणाला विचारलं नाही कुठं जायचं. पाय आपोआप राजगृहाकडं वळत होते." दुपारी अंत्ययात्रा निघाली. पोयबावडीवरून, जिथे चाळीतल्या खोलीत बाबासाहेबांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली होती. तिथून एल्फिन्स्टनचा पूल, सयानी रोड, गोखले रोड असे करीत ती दादरच्या चौपाटीवरील स्मशानभूमीत पोहोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. लाखो माणसे होती. एवढी माणसे सामावणारे सभागृह मुंबईत नव्हते, आजही नाही. समुद्राचा काठ होता म्हणून ती माणसे मावली.

भदंत आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत बौद्ध पद्धतीने विधी झाले. आचार्य अत्र्यांचे भाषण झाले. भैय्यासाहेबांनी अग्नी दिला. आणि त्याच वाळूवर, त्याच वेळी, लाखाहून अधिक माणसांनी धम्मदीक्षा घेतली. १६ तारखेचा समारंभ नऊ दिवस आधी, चितेच्या साक्षीने झाला. वडील म्हणायचे, "रडत रडत त्रिशरण म्हटलं. आवाज समुद्राचा की माणसांचा, ते कळत नव्हतं." त्यांनी घरी आल्यावर आईला एवढेच सांगितले, "आजपासून आपण बौद्ध."

म्हणून बंधूंनो, दादरची चौपाटी ही केवळ अंत्यसंस्काराची जागा नव्हे. नागपूर ही दीक्षाभूमी तर आहेच, पण मुंबईकरांची दीक्षाही उघड्या आभाळाखालीच झाली, समुद्राच्या काठी.

लहान स्तूप, मोठा समुदाय

पुढे भैय्यासाहेबांच्या पुढाकाराने त्या जागेवर स्तूप उभा राहिला. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते चैत्यभूमीचे उद्घाटन झाले. सांचीच्या तोरणासारखे प्रवेशद्वार, अशोकस्तंभाची प्रतिकृती, आत बाबासाहेबांचा अर्धपुतळा आणि बुद्धमूर्ती. वास्तू लहान आहे. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला समुद्र, वाढायला जागा नाही. मोठ्या भरतीला पाणी जवळ येते आणि वाळूवर उभे राहायलाही अडचण होते.

इथे नागपूर आणि मुंबईतला फरक ध्यानात घेतला पाहिजे. नागपूरला स्तूपाभोवती दीक्षाभूमीचे स्वतःचे आवार आहे. दादरला आपल्या हक्काची जागा म्हणाल तर वाळूकाठचा तो छोटा स्तूप. बाकी सगळा भार उचलते ते पाच-सात मिनिटांच्या वाटेवरचे मैदान. दर्शनाची रांग मैलामैलाची लागते, त्यात तासन्‌तास जातात. ज्याचा नंबर लागायचा आहे तो आणि ज्याचे दर्शन झाले आहे तोही मैदानावर टेकतो. तिथेच जेवण, तिथेच झोप, तिथेच पुस्तकखरेदी. शिवाय दादर हे मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेंचे स्टेशन. नागपूर, अकोला, नांदेड, जालना कुठूनही आलेला माणूस उतरला की चालतच पोहोचतो. ही सोय दुसऱ्या कुठल्या मैदानाला क्वचितच असेल.

तीन दिवसांचे गाव

तीन-चार डिसेंबरपासूनच वळकट्या घेतलेली माणसे मैदानावर दिसू लागतात. पूर्वी सोयी फार तुटपुंज्या होत्या. मला आठवते, लहानपणी आम्ही वडिलांबरोबर जायचो तेव्हा बाहेरगावची माणसे थंडीत उघड्यावर, सतरंजीवर सतरंजी घालून निजलेली असायची. शिदोरीला भाकरी आणि ठेचा. पाण्याला आसपासच्या इमारतींच्या नळावर जावे लागे. कोणी देत, कोणी दार लावून घेत.

मागण्या झाल्या, अर्ज झाले, आपल्या संघटनांनी पाठपुरावा केला, आणि एक एक सोय वाढत गेली. आता महापालिका निवाऱ्याचे मंडप घालते, पाण्याचे टँकर आणि नळ लावते, फिरती शौचालये ठेवते, आंघोळीची व्यवस्था करते, दवाखान्याचा कक्ष उघडते, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर आच्छादन अंथरते, मोबाइल चार्ज करायलाही जागा देते. चौपाटीवर पोहणारे जीवरक्षक आणि बोटी असतात, कारण समुद्र प्रथमच पाहणारी माणसे भान विसरून पाण्यात उतरतात. रेल्वे जादा गाड्या सोडते. समता सैनिक दलाचे जवान रांग सांभाळतात. शेकडो मंडळे, बँकांतल्या आणि सरकारी खात्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना भोजनदान करतात. ज्यांच्या आजोबांना पाणी नाकारले गेले त्यांची नातवंडे येईल त्याला पाणी पाजतात, जात विचारीत नाहीत. महाडच्या ओंजळीचे हे फळ आहे.

एकदा यवतमाळकडच्या एक आजी आमच्या पाणपोईवर आल्या होत्या. ग्लासभर पाणी प्यायल्या आणि समुद्राकडे हात करून म्हणाल्या, "बापू, येवढं पानी हाये इथं, अन्‌ एक घोट पेता येत नाही म्हंतात. आमच्या गावात पानी पेता येत होतं, पन पेऊ देत नव्हते." शेजारी उभे असलेले सगळे हसले. आजी मात्र हसल्या नाहीत.

आणि पुस्तके! या मैदानावर जेवढी पुस्तके दोन-तीन दिवसांत विकली जातात तेवढी एका जागी दुसरीकडे विकली जाताना मी पाहिलेली नाहीत. पूर्वी पथारीवर पुस्तिका, कॅलेंडरे, बाबासाहेबांच्या तसबिरी आणि भीमगीतांच्या कॅसेटी असत. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. पुस्तके टिकली. राज्य शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड पिशवीत घालून नेणारे शेतमजूर मी पाहिले आहेत. स्वतःला वाचता येत नाही, नातीसाठी नेतात. राजगृह पुस्तकांसाठी बांधणाऱ्या माणसाला याहून चांगली आदरांजली कोणती? अलीकडे फुले आणि मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा असे आवाहन होते, तेही याच वाटेचे पुढचे पाऊल आहे.

पाऊस आला तेव्हा

समुद्रकाठच्या मैदानाला एक भय कायमचे असते. २०१७ साली ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर सरकले आणि ऐन डिसेंबरात, चार-पाच तारखेला, मुंबईत पाऊस लागला. मैदानाचा चिखल झाला. मंडपात पाणी शिरले. पुस्तकविक्रेत्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे भिजले. वर्षभराची कमाई ज्या तीन दिवसांवर अवलंबून, त्या दिवसांत पुस्तकांचा लगदा झाला. महापालिकेने आपल्या शाळा उघडल्या आणि माणसांना तिथे हलवले.

आमचा टेम्पो त्या संध्याकाळी पोहोचला तेव्हा पाणी वाटण्याचे काम उरलेच नव्हते. पोरांनी गठ्ठे उचलायला सुरुवात केली. मैदानालगतच्या एका इमारतीतून एक बाई खाली आल्या, पन्नाशीच्या, आपल्या समाजाच्या नव्हेत. म्हणाल्या, "आमच्या जिन्याखाली जागा आहे, पुस्तकं तिथं ठेवा." त्यांनी घरातली जुनी वर्तमानपत्रे आणून पुस्तकांच्या पानांमध्ये स्वतः घातली. रात्री उशिरा पोरांना चहा दिला. मी आभार मानले तर म्हणाल्या, "अहो, माझे सासरे सांगायचे, छप्पन्न साली आमच्या घरातून घागरीने पाणी दिलं होतं. मी काय वेगळं केलं?" मैदान कुणाचे, या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला त्या जिन्याखाली मिळाले.

शांतता क्षेत्र आणि आपण

उरलेले अर्धे उत्तर कायद्यात आहे. मैदानाजवळच्या रहिवाशांची आवाजाबद्दलची तक्रार जुनी. ती सगळीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. वर्षभर कर्णे, सभा, धूळ सोसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा आणि अभ्यास करणाऱ्या मुलांचा त्रास खरा आहे. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मे २०१० मध्ये शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरले. तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या पोटात गोळा आला, आता सहा डिसेंबरचे काय? पण न्यायालयाने १ मे, ६ डिसेंबर आणि २६ जानेवारी या दिवसांचा अपवाद ठेवला. पुढे २०१६ मध्ये राज्य शासनाने खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले ४५ दिवस ठरवले, त्यातही ६ डिसेंबर आहे. त्याच वर्षी चैत्यभूमीला 'अ' वर्ग तीर्थस्थळाचा दर्जा मिळाला.

ही तीन तारखांची यादी पाहा. एक महाराष्ट्राची, एक भारताच्या राज्यघटनेची आणि एक ती घटना लिहिणाऱ्याच्या महापरिनिर्वाणाची. ती काही कोणी मेहरबानी म्हणून केलेली यादी नव्हे. वर्षानुवर्षे लाखो माणसे आली, दुःख घेऊन आली, शिस्तीने राहिली आणि पुस्तके घेऊन परत गेली. तो दिवस या मैदानाच्या जीवनाचा भाग झाला होता. न्यायालयानेही तो वगळला नाही.

२०२० साली करोनामुळे मैदान सहा डिसेंबरला रिकामे राहिले. घरी राहून अभिवादन करा, असे आवाहन झाले आणि आपण ते पाळले. मी टीव्हीवर चैत्यभूमीचे प्रक्षेपण पाहत होतो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. हक्क असूनही समाजाच्या भल्यासाठी तो एक वर्ष न बजावणे, हेही बाबासाहेबांचेच शिक्षण.

त्या मुलाला उत्तर

आता त्या मुलाकडे वळतो. तो आज नोकरीला लागला आहे, आणि पाच डिसेंबरची रजा तो जानेवारीतच टाकून ठेवतो. त्याला आणि त्याच्या वयाच्या सगळ्यांना सांगायचे ते असे.

बाळ, मैदान आपल्या बापाचे नाही. त्या गृहस्थांच्याही बापाचे नाही. ते मुंबई शहराचे आहे, म्हणजे त्यांचेही आहे आणि तुझेही. सकाळी फिरणाऱ्यांचे, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचे, कट्ट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांचे, आणि यवतमाळच्या आजींचेही. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ आपल्या बापजाद्यांनी तळ्यावर जाऊन, मार खाऊन शिकवला आहे. त्यामुळे तिथे जाताना मान खाली घालायचे कारण नाही. आणि छाती काढून, मालक असल्यासारखे वागायचेही कारण नाही.

ज्या जागेवर आपला हक्क आहे तिची काळजीही आपलीच. म्हणून विहाराच्या कार्यकारी मंडळाला माझी विनंती आहे. पाणपोईबरोबर यापुढे झाडू आणि पोतीही टेम्पोत घालावीत. सात तारखेला सकाळी महापालिकेचे सफाई कामगार मैदान साफ करायला येतात. त्यांच्यातले पुष्कळजण आपलेच भाऊ-बहिणी आहेत. आदल्या रात्री चैत्यभूमीला वंदन करून ते कामावर हजर होतात आणि आपला कचरा उचलतात. हे काम त्यांच्यावर जितके कमी पडेल तितके बरे. निदान आपल्या पाणपोईभोवतीची जागा आपण उजळ करून निघावे. प्लास्टिकचे ग्लास बंद करावेत, स्टीलचे न्यावेत, धुवायला चार हात आणखी लागतील एवढेच. आणि कर्णा रात्री वेळेत बंद व्हावा. शेजारच्या इमारतीतही कोणी आजारी माणूस झोपलेला असतो.

रस्त्यावरची ती दोन नावे मुलांना दाखवावीत, केळुसकरांचे आणि बोल्यांचे. समुद्राजवळच्या बागेत वाचत बसलेल्या एका मुलाची गोष्ट त्यांना सांगावी. ते पुस्तक, ती सभा, तो ठराव, ते तळे आणि ती वाळू, हे सगळे एकाच वाटेवर आहे. त्या वाटेने आपला टेम्पो दर वर्षी जातो.

येत्या पाच डिसेंबरला दुपारी टेम्पो नेहमीप्रमाणे विहारापासूनच निघेल. ड्रायव्हरशेजारची जागा यंदा मी एखाद्या लहान मुलाला देणार आहे. मी मागे ग्लासांच्या पेट्यांबरोबर बसेन.

जय भीम!